दिवाळीच्या सुट्टीतली खिंड

मित्रांनो, मी एक जुनी बर्फकुऱ्हाड आहे. लाकडी दांडा, वर पोलादी चोच, खाली अणकुचीदार टोक. लाकडं फोडण्याशी माझा काडीचा संबंध नाही. हे आधीच सांगते, कारण घरी येणारा प्रत्येक पाहुणा मला बघून तेच विचारतो. बर्फावर चालणाऱ्याची मी काठी असते, आणि त्याचा पाय घसरला की मीच त्याला धरून ठेवते.

लष्कराच्या मोडीत निघालेल्या मालातून मला शालनताईंनी निवडून घेतलं. त्या टेलिफोन खात्यात इंजिनियर होत्या. सुट्टी मिळो न मिळो, उन्हाळा संपता संपता हिमालयात जायच्याच. काय दिवस होते ते! पुढे त्यांचे गुडघे गेले आणि मी कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये दाराच्या मागे उभी राहिले. दिवाळीत सोसायटीतली पोरं मातीचा किल्ला करायला मला मागून न्यायची. हसू नका. त्या पोरांनी निदान मला कामाला तरी लावलं.

मग हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि पुण्यात एक नवीन जमात उगवली. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो. शनिवारी सिंहगड चढून पिठलं-भाकरी खाल्ली की ही माणसं स्वतःला गिर्यारोहक म्हणवून घेत. शालनताईंची भाची निकिता त्यातलीच. तिचा टीम लीड अभय तर उंटावरचा शहाणा. दोघांनी, दिग्विजय नावाच्या आणखी एका सहकाऱ्याला घेऊन, हिमनदीवरून जाणारी एक उंच खिंड ओलांडायचं ठरवलं, आणि मला मागायला घरी आले.

"मावशी, जूनमध्ये आमच्या नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज असतो," अभयने सांगितलं. "दिवाळीची सुट्टी जोडून मिळते. पाऊस गेलेला, हवा क्लिअर. ट्रेकला बेस्ट सीझन तोच ना?"

सह्याद्रीत तोच, हे खरं. पण हिमालय म्हणजे उंच केलेला सिंहगड, असं फक्त पुणेकरालाच वाटू शकतं. शालनताईंनी शांतपणे समजावलं. जूनमध्ये हिवाळ्याचा बर्फ घट्ट बसलेला असतो, हिमनदीच्या भेगा त्याने बुजलेल्या असतात. भाद्रपदापर्यंत तो वितळतो, भेगा उघड्या पडतात, पण दिसतात तरी, वळसा घालता येतो. दिवाळीत त्यांच्यावर नवा, भुसभुशीत बर्फ पडतो. विहिरीवर चादर अंथरावी तसा.

"सुट्टी तुम्हाला आहे," त्या म्हणाल्या. "बर्फाला नाही."

गाढवापुढे वाचली गीता! अभयने मान डोलावली आणि तिकिटं काढली. निकिता गप्प बसली, कारण नोकरीतली तिची बढती अभयच्या हातात होती. शालनताईंनी तिला एवढंच बजावलं, की कंबरेला दोर असल्याशिवाय हिमनदीवर पाऊल टाकायचं नाही आणि प्रत्येक पावलाआधी मला खाली खुपसून बघायचं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मला सारखं तेल लावत बसल्या.

खालच्या गावातल्या वाटाड्यांनी हंगाम आटोपला होता, एकही जण यायला तयार होईना. अभयच्या मते ते भाव खात होते. तिघे एका दोराने बांधून घेऊन निघाले. अभयच्या पाठपिशवीत एक घडीचा आकाशकंदील होता. तो खिंडीत उभारायचा, फोटो काढायचा आणि सगळ्या ऑफिसला पाठवायचा, हा त्याचा मोहिमेचा हेतू.

खिंड समोर दिसत होती. निकिता पुढे होती. तिने मला खुपसलं आणि मी दांड्यासकट आत गेले. मित्रांनो, माझ्या टोकाला काहीही लागलं नाही. खाली नुसती पोकळी होती. निकिता थांबली आणि म्हणाली, इथून मागे फिरायचं.

"अगं, आलोच आपण! रजा वाया घालवणार का?" असं म्हणून अभय कंदील उघडत तिच्या बाजूने पुढे गेला, आणि दिसेनासा झाला.

दोर ताणला गेला. निकिता पालथी पडली, माझी चोच तिने बर्फात रोवली आणि सगळ्या अंगाचा भार माझ्यावर टाकला. अभयला वाचवायचं माझ्या मनात नव्हतं, खोटं कशाला बोलू? पण त्याच दोराला निकिता बांधलेली होती. मी सुटले असते, तर दारामागे माझी मोकळी जागा बघत शालनताईंना उरलेलं आयुष्य काढावं लागलं असतं. दांडा करकरला, पण मी सुटले नाही. दिग्विजय आणि निकिताने त्याला वर ओढलं तेव्हा तो लहान मुलासारखा रडत होता. कंदील तेवढा आत राहिला.

वाटलं, आता तरी शहाणा होईल. कसला! पुण्यात येताच त्याने 'टीमवर्क'वर भाषण दिलं. आठवण म्हणून मला निकिताकडून मागून घेतलं, ऑफिसच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं आणि खाली पाटी लावली: 'संधी साधा, मुहूर्त पाहू नका.' येणारे-जाणारे पाटी वाचून मला बघत मान डोलवायचे. इतका अपमान किल्ल्याच्या चिखलातही झाला नव्हता.

मे महिन्यात निकिताने जूनची रजा मागितली. अभय म्हणाला, जूनमध्ये रिलीज आहे, माहीत नाही का, बढतीचं काय करायचं मग? तिने खुर्ची ओढली, तिच्यावर चढून मला खाली काढलं आणि बोटाने माझ्यावरची धूळ पुसली.

"रिलीज दिवाळीत ठेव," ती म्हणाली. "तेव्हा मी इथेच असेन."

तर मित्रांनो, माझी विनंती एवढीच. आमच्यासारख्यांच्या दांड्याला वर्षातून एकदा तेल लावा, टोक गंजू देऊ नका, आणि कधी निघायचं ते कॅलेंडरला नव्हे, डोंगराला विचारा. भिंतीवर आता नुसता खिळा आहे. पाटी मात्र अभयने काढलेली नाही. त्या खिळ्याला ती शोभून दिसते.