टॉर्क गळतोय

जावयाच्या तोंडी 'टॉर्क' हा शब्द दिवसातून पन्नासदा तरी यायचा. गाडी पळाली की टॉर्क, वळली की टॉर्क, सीट मऊ लागली तरी टॉर्कच. त्याचे गाडीवेडे मित्र माना डोलवायचे, कारण त्यांचंही ज्ञान तेवढंच.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं इंजिनं उघडली होती. हे सगळं ऐकून त्यांच्या अंगाची लाहीलाही व्हायची. मागच्या वर्षी न राहवून त्यांनी मित्रांसमोर जावयाला ऐकवलं, की टॉर्क म्हणजे वेग नव्हे. झालं. जावईबापू चार महिने फिरकले नाहीत, आणि त्यांच्यासोबत येणारी सात वर्षांची नातही नाही. शेवटी मुलीनेच मध्यस्थी केली आणि बजावलं, की बाबा, पुन्हा एकदा चूक काढलीत तर नात फक्त फोनवर दिसेल. तेव्हापासून सासऱ्यांच्या तोंडाला कुलूप होतं. मनातून मात्र ते चडफडत असत.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर जावई सगळ्यांना घेऊन घाटात फिरायला निघाला. नात आधीच मागच्या सीटवर जाऊन बसली होती. जावई सहज म्हणाला, की दोन दिवस ब्रेकचं पेडल पार खाली जातंय, पण काळजी नाही, टॉर्क कमी झालाय, घाटात गाडी गरम झाली की भरून येईल.

सासरे झटकन गाडीपाशी गेले. त्यांनी वाकून पाहिलं. पुढच्या चाकाच्या आत ब्रेकचा पाइप चिरला होता आणि खाली तेलाचं छोटं थारोळं साचलं होतं. खरं कारण सांगावं, तर बाबापुता करून जुळवलेलं सगळं मोडणार, आणि हा हट्टाला पेटून तसाच निघणार. मुलगी दारातून डोळे वटारून बघतच होती.

"जावईबापू, तुमचं बरोबर आहे," सासरे म्हणाले. "टॉर्क गळतोय."

जावई गुडघ्यांवर बसला. थारोळ्यात बोट बुडवून त्याने ते उजेडात धरलं आणि चेहरा पाडून म्हणाला, "बाप रे, बराच गेला की."

"सगळाच गेलाय. आता ही गाडी जागची हलवायची नाही."

जावयाने लगेच मित्रांना फोन लावला आणि कौतुकाने सांगितलं, की सासऱ्यांचं निदान अचूक असतं, फक्त माझं म्हणणं मान्य करायला त्यांना वर्ष लागलं. चाळीस वर्षांची अब्रू अशी फोनवरून चाललेली ऐकत सासऱ्यांनी चाकांना दगड लावले. गाडी दुसऱ्या दिवशी दुरुस्त होणार होती, म्हणून मुक्काम ठरला.

संध्याकाळी नातीने विचारलं, "आजोबा, टॉर्क म्हणजे काय हो?"

त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग एका घट्ट नटाला आखूड पाना लावून तिच्या हातात दिला. नट हलेना. लांब पाना दिला, तसा तो चटकन फिरला.

"कळलं?"

नातीने पुन्हा एकदा फिरवून पाहिलं आणि मान हलवली. "बाबांना सांगू?"

"नको," आजोबा म्हणाले. "त्यांच्यासमोर कुणी विचारलं, तर तो गळतो एवढंच म्हणायचं."