वर्मेंतिनोचा वास

शर्वाणीला वास येईनासा झाला त्याला आठ महिने झाले होते, आणि आयर्लंडमधल्या एनिस गावात ती हे कुणालाही बोलली नव्हती. मार्चमध्ये फ्लू झाला. ताप चार दिवसांत उतरला. पाचव्या दिवशी चहात आलं किसून घालताना तिच्या लक्षात आलं की आल्याला वासच येत नाहीये. येईल परत, म्हणून ती थांबली. तो आला नाही.

तिचं पोट नाकावर होतं. नाशिकजवळच्या एका वायनरीच्या लॅबमध्ये तिने सात वर्षं काढली होती. नवऱ्याला, रणजितला, इथल्या हॉस्पिटलात डॉक्टरची नोकरी लागली तेव्हा ती या क्लेअर काउंटीत आली आणि मॉरीनच्या वाइनच्या दुकानात रुजू झाली. साठीची मॉरीन गिऱ्हाइकांना म्हणायची, "शर्वाणीला विचारा. असं नाक अख्ख्या काउंटीत नाही."

आठ महिने शर्वाणीने आठवणीवर निभावलं. लेबल वाचायचं, आणि पूर्वी जे हुंगलं होतं ते सांगायचं.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी दुकानात चव घेण्याचा कार्यक्रम होता. अठरा माणसं आली होती. वाइन होती वर्मेंतिनो, शर्वाणीचं सगळ्यात लाडकं पांढरं द्राक्ष. आधी प्रत्येक बाटली उघडून, हुंगून ती खराब नाही याची खात्री करायची हे तिचं काम. तिने बाटल्या उघडल्या, ग्लासात नाक घातलं, मान हलवली.

"इटलीत लिगुरियाच्या किनाऱ्यावर हा वेल समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत वाढतो," ती सांगू लागली. "तिथली वाइन हलकी, हिरव्या पाल्याच्या वासाची. सार्डिनिया बेटाच्या उत्तरेला मात्र ग्रॅनाइटच्या टेकड्या, कडक ऊन आणि खारा वारा. तिथली भरदार असते. पिकलेलं लिंबू, रानातली झुडपं, आणि गिळल्यावर मागे राहतो तो बदामाच्या सालीचा कडवटपणा."

सहा वर्षांपूर्वी ती त्या टेकड्यांवर खरंच उभी राहिली होती. आता घोट घेतला तर जिभेवर फक्त आंबट, खारट आणि तो कडवटपणा. बाकी सगळं पुसलेलं.

निवृत्त शिक्षक मिस्टर क्लून पुढे झुकले. "माफ कर हं, पण याला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय."

मॉरीनने ग्लास हुंगला. बूच खराब निघालं की येतो तोच वास, शिकाऊ माणूसही ओळखेल असा.

"ही बाटली तू बघितलीस ना?"

"बघितली."

मॉरीनने दुसऱ्या बाटलीतली वाइन ओतून ग्लास तिच्यापुढे धरला. "आणि ही?"

शर्वाणीने खूप वेळ नाक ग्लासात ठेवलं. सगळे बघत होते. काहीतरी सांगायला हवं होतं.

"ही पण खराब आहे," ती म्हणाली.

मॉरीनने हुंगलं, आणि ग्लास हळूच खाली ठेवला. बाटली उत्तम होती.

लोक गेल्यावर मॉरीनने विचारलं, "कधीपासून?"

"मार्चपासून."

"अगं, सांगायचं ना! तू गल्ल्यावर बस. सगळं ग्रँड होईल, अगदी ठीक."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं शर्वाणीला वाटलं.

घरी तिने रणजितला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं. त्या दिवशी दूध करपून घरभर वास सुटला होता, आणि तू तिथेच मोबाइल बघत बसली होतीस."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

"आता डॉक्टर म्हणून सांग. येईल परत?"

"काहींना येतो थोडाफार."

"आणि बाकीच्यांना?"

शर्वाणी दुकानातून ती चांगली बाटली घेऊन आली होती. तिने एक ग्लास भरून त्याच्या हातात दिला. "वास घे, आणि मला सांग."

रणजित कधी पीत नसे. त्याने डोळे मिटून श्वास घेतला. "लिंबासारखा... नाही, थोडा गवतासारखा."

"कुठलं गवत? ओलं, वाळलेलं?"

त्याने पुन्हा हुंगलं, पुन्हा एकदा. "नाही गं सांगता येत," तो म्हणाला, आणि ग्लास तिच्याकडे परत केला. शर्वाणी त्याच्याकडे बघत राहिली. तिला त्याचा राग आला, आणि तो राग किती अन्यायाचा आहे हेही कळत होतं.

सोमवारी तिने मॉरीनला फोन केला. गल्ल्यावर बसायलाही येणार नाही म्हणाली.

"घाई करू नकोस, विचार कर," मॉरीन म्हणाली.

"केलाय," शर्वाणी म्हणाली, आणि फोन ठेवला.