रेबेकाची माती

जन्मात कधी मासा न धरलेला माणूस सत्तरी उलटल्यावर गळ विकत आणतो, म्हणजे त्याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी शिजतंय, हे लिडियाला तेव्हाच कळायला हवं होतं. पण दुष्काळानं भलीभली माणसं बावचळली होती, त्यांतलेच आपले सासरे, असं तिनं धरलं. ईस्टरच्या आदल्या दिवशी थॉमसबाबांनी फर्मान सोडलं, "धरणावर जायचं. मासं धरू. एस्तेरला शिंपलं येचू द्या." नवरा कृपादान नगरच्या शाळेत मास्तर. वर्गात त्याचा दरारा, पण बापापुढं मांजर. त्यानं मुकाट्यानं पिशवी भरली.

एस्टीतून उतरून चौघं धक्क्यावर आले. एके काळी इथं लाँच लागायची. आता काळ्या ओबडधोबड दगडांचा तो धक्का उघडाबोडका पडला होता, आणि पाणी पार त्याच्या टोकाशी जाऊन बसलं होतं. मागं सगळीकडं भेगाळलेला चिखल. कृपादान शेवटच्या दगडावर बसला आणि कणकेची गोळी लावून त्यानं गळ टाकला. त्याची लेक एस्तेर फ्रॉकच्या ओच्यात शिंपले, बांगड्यांचे तुकडे, मडक्याचे कान असलं काहीबाही भरत सुटली. अन् ज्यांनी हा सगळा घाट घातला ते बाबा गळाकडं ढुंकूनही बघेनात. खाली मान घालून चिखलातून चालायचे, थांबायचे, गर्रकन वळून उलटे यायचे. ऊन तर असं की डोकं फुटावं. शेवटी लिडिया छत्री घेऊन त्यांच्यामागं गेली.

"बाबा, काय हरवलंय?"

"तुझी सासू," म्हातारा म्हणाला.

लिडियानं छत्री त्यांच्या डोक्यावर धरली. ऊन लागलं की काय यांना? पण बाबा शुद्धीवर होते. "आपली वाडी हितंच हुती, पोरी. धरणाचं पानी चढलं तवा आमी उठलो. रेबेका त्येच्या आदल्या सालीच गेली हुती. ती ऱ्हायली." लिडिया लग्न होऊन आली ती त्यानंतर, सासू तिनं फोटोतसुद्धा पाहिली नव्हती. बाबांनी कोटाच्या खिशातून पत्र्याची डबी काढली. "तिची मूठभर माती पायजे. माझ्या पेटीत टाकायची, मला पुरताना. औंदा पानी हटलंय. एकदा का चढलं, की पुन्ना असा दुष्काळ बघायला मी थोडाच ऱ्हानार."

एवढं होतं तर घरी का नाही सांगितलं, हे लिडियानं विचारलं नाही. तिनं छत्री मिटली आणि तीही शोधायला लागली.

देवळाचं, म्हणजे वाडीच्या चर्चचं, जोतं सापडलं. त्याच्यामागं दगडांचे ढीग ओळीनं, गाळानं माखलेले, एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं. वाडीची रीत अशी, की ईस्टरच्या आधी कबरींना चुना फासायचा आणि त्यावर काजळीनं नाव घालायचं, दरसाल नव्यानं. पाथरवटाकडून नाव कोरून घ्यावं असं कृपादान तेव्हा म्हणाला होता. "दरसाल लिवतोच की," म्हणून बाबांनी त्याला गप्प केलं होतं. आता चुनाही गेला आणि नावंही गेली.

कृपादानला हाक मारली. गळ दगडाखाली अडकवून तो आला. दोन ढिगांवर बापलेकांचं एकमत झालं: एक आईचा आणि शेजारचा छगनचा, देवळात पेटी वाजवायचा त्या छगनचा. पण कुठला कुणाचा? कृपादान म्हणाला, आई डाव्या हाताला. बाबा म्हणाले, उजव्या. मग कळेना की डावा-उजवा धरायचा कुठून. तेव्हा रस्ता नदीकडून होता, आज आले धक्क्याकडून. दोघं तिकडं जाऊन उभे राहिले, पुन्हा इकडं आले, आणि आता बाबा डावा म्हणायला लागले आणि कृपादान उजवा. लिडियाच्या डोक्याचा पार भुगा झाला.

"दोन्हींतली चिमूट चिमूट घ्या, बाबा," ती म्हणाली.

"म्हंजे छगन बी आला. जन्मभर तिनं त्येच्या बेसूर पेटीला नावं ठिवली, आन् मी त्येची माती उराशी घिऊन निजू व्हय?" लिडियाला हसू फुटणार तोच तिनं बाबांचे डोळे बघितले. ते भरून आले होते. हसावं की रडावं तिला कळेना.

कृपादाननं ढेकूळ उचलून कुस्करलं. "बाबा, ही माती आईचीही नाही आणि छगनचीही नाही. हा गाळ आहे, नदीनं आणलेला. आईची माती खाली, खणावं लागेल."

"खनायचं न्हाई. निजलेल्या मानसाला उठवायचं न्हाई," बाबा म्हणाले. त्यांनी रिकामी डबी खिशात टाकली आणि दोन ढिगांच्या मधल्या जागेत बसकण मारली. बराच वेळ ते बोटानं गाळ उकरत राहिले.

"ती येत न्हाई तर मी येतो," ते म्हणाले. "मला हितं पुरा, मधी. एका अंगाला ती आसंलच. दुसऱ्या अंगाला छगन, वाजवू दे काय वाजवायचं ते."

"बाबा, पाऊस झाला की इथं पुरुषभर पाणी असतंय."

"मंग पावसाच्या आत मरतो," बाबा म्हणाले, दुपारची यष्टी गाठायची असावी तसं. कृपादाननं तोंड फिरवलं.

तेवढ्यात धक्क्यावरून एस्तेरनं हाक दिली. गळाला हातभर मरळ लागली होती. काटक्या पेटवून, मीठ-मिरची लावून ती भाजली. बाबांनी टोपी काढली. "लिडिया, तू कर प्रार्थना."

तिनं डोळे मिटले. अन्नाबद्दल आभार मानले, एस्तेरसाठी मागितलं, आणि पुढं अडली. त्या साली पाऊस मागितल्याशिवाय कुणाचीच प्रार्थना संपत नव्हती. पण आता पाऊस मागावा, तर म्हातारा रेबेकाला कायमचा मुकणार. न मागावा, तर पावसाआधी त्याला मरण येऊ दे म्हटल्यासारखं. आणि गावोगाव घागरी घेऊन मैलोन् मैल हिंडणाऱ्या बायांचं काय? देवापुढं बसून काय मागावं हेच कळेना, असं तिला आजवर कधी झालं नव्हतं. तिला रडू यायला लागलं.

"माग की," बाबा हळूच म्हणाले. "पाऊस माग, पोरी. मानसं-ढोरं तान्हेली हायती."

"पाऊस दे," लिडिया कशीबशी म्हणाली.

थॉमसबाबांनी खणखणीत आमेन म्हटलं. कृपादानच्या तोंडून मात्र ते निघालं नाही.