चिंधू पोस्टमनला न वाचता आलेलं पत्र

अल्लीपूरचा चिंधू पोस्टमन पत्रं नुसती वाटत नसे, वाचूनही दाखवत असे. ज्या घरात वाचणारं कोणी नाही तिथे तो सायकल भिंतीला टेकवायचा, ओट्यावर बसायचा आणि पत्र दोनदा वाचायचा. बातमी वाईट असली की आधी पाणी मागायचा. ऐकणाऱ्याला सावरायला तेवढीच सवड मिळायची. चोवीस वर्षांत एकही पत्र त्याला अडलं नव्हतं.

दोन हजार दोनच्या जूनअखेर त्याच्या स्वतःच्या घराच्या पत्त्यावरचं पत्र त्याच्याच थैलीत आलं. मुलगी मयुरी दिल्लीच्या एका विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पास झाली होती. परदेशी भाषा शिकायच्या होत्या. तिच्या गुणांवर दोन भाषा मिळत होत्या, चिनी आणि अरबी. पंधरा दिवसांत एकीवर खूण करून फॉर्म परत पाठवायचा होता.

चिंधूचं ठरलेलंच होतं. त्याच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली होती. इथे हरवलेले कितीतरी बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत टिकून राहिले, हे त्याने विहारात ऐकलं होतं. "आपले ग्रंथ आता आपलीच पोरगी वाचून दाखवंल," असं तो पोस्टात, पानठेल्यावर, भेटेल त्याला सांगत सुटला. मयुरीचीही ना नव्हती. भावाच्या, अश्विनच्या, जुन्या खेळण्याच्या खोक्यावरची चिनी अक्षरं ती वहीत गिरवू लागली होती.

त्याच आठवड्यात शेजारच्या शोभाबाईंच्या नावाने सौदीहून पाकीट आलं. त्यांचा नवरा बबनराव तिकडे वेल्डर होता. दर शुक्रवारी तो चौकातल्या एसटीडी बूथवर फोन करायचा, पण दोन महिन्यांपासून त्याचा पत्ता नव्हता. शोभाबाईंनी धावत येऊन पाकीट चिंधूच्या हातात परत दिलं. "वाचा ना भाऊ लवकर."

चिंधूने कागद उलगडला. उजवीकडून डावीकडे वळणाऱ्या ओळी, खाली गोल शिक्का. त्याने कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग सवयीने पाणी मागितलं आणि आपण काय केलं हे त्याच्या ध्यानात आलं. शोभाबाई मटकन खाली बसल्या.

"नाई हो शोभाबाई, तसं नाई! मले वाचताच नाई आलं," तो कळवळून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो मयुरीला घेऊन हिंगणघाटला गेला. तिथल्या मशिदीत मुलांना कुराण शिकवणारे एक म्हातारे मौलवी होते. त्यांनी चष्मा लावला आणि पहिली ओळ खणखणीत वाचली. चिंधूचा जीव भांड्यात पडला. पण मौलवी मध्येच थांबले.

"हर्फ तर सगळे, अक्षर न् अक्षर वाचून राह्यलो, भाऊ. पण ही दफ्तराची, हापिसाची भाषा आहे, मले पुरी समजत नाई. हे नाव तुमच्या माणसाचं. आन् हा शब्द, मुस्तश्फा, म्हंजे दवाखाना. बस."

"जिता आहे का, तेवढं तरी सांगा," चिंधू म्हणाला.

"अंदाजानं सांगू? आन् चुकलो तं? त्या बाईनं काय करावं?" मौलवींनी कागदाची घडी घालून परत दिली आणि नागपूरच्या एका निवृत्त प्राध्यापकांचा पत्ता लिहून दिला. सोबत आपली चिठ्ठीही.

प्राध्यापक हैदराबादला गेले होते, तीन दिवसांनी परतणार होते. ते तीन आणि आधीचा एक, असे चार दिवस मयुरी शोभाबाईंच्या घरीच राहिली. सकाळी शोभाबाई आरशापुढे कुंकवाची डबी घेऊन बसायच्या. झाकण काढायच्या, लावायच्या. कुंकू लावू की नको, हे विचारायला जगात कोणी नव्हतं. मयुरी त्यांच्या हातून डबी घेई, स्वतःच्या बोटाने त्यांच्या कपाळी कुंकू लावी आणि चूल पेटवायला जाई.

चौथ्या दिवशी चिंधू नागपूरहून आला तो एसटीतून उतरताच ओरडत. "जिता हाये! बबनराव जिता हाये!" बांधकामाच्या परांचीवरून पडून बबनरावचा पाय मोडला होता. दोन ऑपरेशनं झाली होती. शुद्धीवर आल्यावर नाव-गाव त्यानेच सांगितलं होतं. त्याच्या कंपनीने त्याची कागदपत्रं दिली नव्हती, म्हणून दवाखान्याने घरच्यांना त्यांच्याकडच्या नकला पाठवायला सांगितलं होतं. शोभाबाई रडल्या, हसल्या आणि चार दिवसांनी पोटभर जेवल्या.

त्या संध्याकाळी मयुरीने भरलेला फॉर्म बापासमोर ठेवला. खूण अरबीवर होती.

चिंधूने फॉर्म उचलून खूण पुन्हा पाहिली. मग म्हणाला, "काऊन वं माय? आपल्या ग्रंथाइचं काय?"

"ग्रंथ हजार वर्षं थांबले बाबा, अजून थांबतीन. काकूच्यानं चार दिवस थांबवलं नाई. मी पाह्यलं ना." ती अडखळली. "तुमाले वाईट वाटून राह्यलं, मले समजते. पण मले हेच शिकाचं हाये."

आई कमलाबाई दारातून म्हणाली, "तिच्या मनानं होऊ द्या. शिकाचं तिले हाये."

सकाळी फॉर्मचं पाकीट चिंधूच्याच थैलीत होतं. ते उघडून खूण बदलणं त्याला अवघड नव्हतं. पोस्टाच्या पायरीवर तो घटकाभर थांबला, हे खरं. मग आत जाऊन त्याने ते रजिस्टर केलं, शिक्का आपल्या हाताने मारला, जरा जास्तच जोरात. पावती मयुरीला देताना मात्र त्याचं मन मोकळं झालं होतं. एवढ्याशा वयात या पोरीने दुसऱ्याच्या घरातलं दुःख असं अंगाला लावून घेतलं, हे आपल्याला जमलं असतं का, असं त्याला वाटत राहिलं.

दोन हजार नऊमध्ये, निवृत्तीनंतर, तो पहिल्यांदा दिल्लीला गेला. मयुरी तिथे एका मोठ्या दवाखान्यात दुभाषी होती. इराकमधून आलेल्या एका म्हातारीच्या हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं. डॉक्टर इंग्रजीत सांगत होते आणि मयुरी अरबीत. मध्ये एका शब्दाशी ती थांबली, डॉक्टरांना पुन्हा विचारलं, डॉक्टर जरा वैतागले तरी तिसऱ्यांदा विचारलं. मग म्हातारीचा हात हातात घेऊन ती सावकाश बोलू लागली. म्हातारी ऐकत होती, मान हलवत होती. एकदा तर खुदकन हसली.

चिंधू कोपऱ्यातल्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. कोणी विचारलं नसतानाही शेजारच्या माणसाला त्याने हिंदीत सांगून टाकलं, "मेरी बेटी है."

संध्याकाळी त्याने घरी फोन लावून सगळं सांगितलं. कमलाबाईने विचारलं, "काय बोलत होती हो ते त्या बाईसंग?"

"मले काय समजते!" चिंधू म्हणाला. "पण त्या म्हातारीले सगळं समजलं."