साडेतीन भोकांची ब्युइक

लोर्नाने हातमोजा न काढताच गाडीच्या पुढच्या चाकामागच्या पत्र्यावरच्या चौथ्या भोकात बोट घातलं आणि क्रोमचं कडं हलवून पाहिलं. कडं जागचं हललं नाही. बाकीच्या तिन्हींच्या रांगेत मात्र ते बसलं नव्हतं, केसभर खाली होतं आणि दाराला नको तितकं चिकटलेलं होतं. नीट पाहणाऱ्याला भोकाची कड कानशीने घासलेलीही कळली असती.

"शी!" ती म्हणाली आणि बोट रुमालाला पुसलं.

गाडीला वळसा घालून ती डाव्या बाजूला गेली. तिकडे तीनच भोकं होती, कारखान्यातून आली तशी. फ्लिंट गावात शेंबड्या पोरालाही कळायचं की तीन भोकं म्हणजे साधी ब्युइक आणि चार भोकं म्हणजे रोडमास्टर, साहेबांची. इथे माणूस समोर आला की आधी त्याच्या गाडीची भोकं मोजायची, मग हॅलो म्हणायचं. आणि अशा गावात तिच्या बापाने, ऑर्व्हिल टॅकेटने, उभा जन्म ब्युइकच्या कारखान्यात पत्रा घासण्यात घालवलेल्या माणसाने, आपल्या तीनभोकी गाडीला एका बाजूने चौथं भोक पाडलं होतं. तेही एकाच बाजूने! नक्कल करायची तर धड नक्कल तरी करावी.

गावाने त्याचं नाव ठेवलं होतं साडेतीन. "काय साडेतीन, कसं काय?" असं लोक भर रस्त्यात विचारायचे आणि तो टोपीला हात लावून हसायचा. त्या हसण्याचीच लोर्नाला सगळ्यात जास्त चीड यायची.

आता तो जाऊन तीन आठवडे झाले होते. घर त्याने धाकट्या नॅडीनला ठेवलं आणि गाडी लोर्नाला. लोर्नाला! जिचा नवरा वेंडेल प्रेंटिस, ज्याच्या घराण्याचा गावातला सगळ्यात मोठा ब्युइकचा शोरूम, जिच्या स्वतःच्या दारात खरीखुरी चारभोकी उभी, तिला हे धूड. बापाने जाता जाता वेडावून दाखवलं असंच तिला वाटलं होतं.

स्वयंपाकघराच्या दारातून नॅडीन बाहेर आली. डोक्याला रुमाल, पायात बापाचे जुने बूट. पंचविशीही गाठली नव्हती आणि अवतार चाळिशीचा.

"कॉफी ठेवलीय," नॅडीन म्हणाली.

"मला नको. ट्रक येईल इतक्यात."

"कसला ट्रक?"

"शोरूमचा. ही ओढून नेणार. सोमवारी मोडीत." लोर्नाने पर्समधून कागद काढून परत आत ठेवले. "आज नवीन मॉडेलं उघडतायत, अख्खं गाव येणार. तू ही घेऊन येणार होतीस म्हणे. मदर प्रेंटिसच्या कानावर गेलंय ते."

शोरूमच्या काचा पंधरा दिवस आतून कागदाने झाकलेल्या होत्या. आज दुपारी कागद फाडायचे, लोकांना कॉफी आणि डोनट वाटायचे आणि नव्या गाड्यांना हात लावू द्यायचा. दरवर्षी शरदात हा सोहळा व्हायचा आणि दारात उभं राहून लोकांचं स्वागत करायचा मान लोर्नाच्या सासूचा, मदर प्रेंटिसचा, होता.

"मी कामाला कशी जाऊ मग?" नॅडीनने विचारलं. "मोटारींच्या प्लगचा कारखाना नदीपलीकडे. पहाटेच्या पाळीला बस नसते."

"वेंडेल तुला एक शेव्हरोले देतोय. जुनी आहे, पण प्रामाणिक आहे. एक पैसा द्यायचा नाही."

"मला शेव्हरोले नको. हीच हवी."

"का गं? लाज विकून खाल्लीस का? डॅडींना हसले ते पुरलं नाही? आता 'साडेतीनची पोरगी' म्हणवून घ्यायचंय तुला?"

"मला कोण काय म्हणतं ते मी मोजत नाही," नॅडीन म्हणाली. "ते काम तुझ्याकडे."

लोर्नाने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती गाडीकडे पाहत म्हणाली, "बेडकी कितीही फुगली तरी बैल होत नाही, नॅडीन. माझं लग्न प्रेंटिसांच्या घरात झालं आणि डॅडींच्या डोक्यात वारं शिरलं. व्याह्यांची बरोबरी करायला निघाले. लग्नानंतर महिनाभराने मी इथे आले तर हे भोक! मी सासरी जेवणाच्या टेबलावर सांगितलं, म्हटलं आमच्याकडे वरातीमागून घोडं आलंय, तेसुद्धा साडेतीन पायांचं. मदर प्रेंटिस इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं."

"म्हणजे ते नाव तू ठेवलंस."

"कुणीतरी ठेवणारच होतं. मी ठेवलं तर बिघडलं कुठे?"

नॅडीन पायरीवर बसली. बुटाच्या टोकाने तिने एक वाळलेलं पान बाजूला सारलं.

"घोडं वरातीमागून नव्हतं आलं," ती म्हणाली. "ते आधीच तयार होतं. वरात दुसऱ्याच गाडीतून गेली."

"काय बडबडतेस?"

"लग्नाच्या आदल्या आठवड्यात तू इथे आत भांडी आपटत होतीस. काय म्हणाली होतीस ते आठवतं? तीनभोकी गाडीतून चर्चच्या पायऱ्यांसमोर उतरण्यापेक्षा मी अनवाणी चालत जाईन. डॅडी बाहेर नळावर हात धूत होते. खिडकी उघडी होती."

लोर्नाने पर्स उघडली. ते वाक्य तिला आठवत नव्हतं असं नाही. पण अशी वाक्यं त्या दिवसांत ती रोज बोलायची, त्यातलं एखादं कुणाला लागलं असेल हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

"दुसऱ्या दिवसापासून रोज पाळी सुटल्यावर गॅरेजचं दार लावून बसायचे. मी आत गेले तर म्हणाले, कुणाला सांगू नकोस. कानशीने त्यांच्या बोटाचं साल निघालं होतं. लग्नात पट्टी होती हाताला, तू विचारलंस पण."

विचारलं होतं. 'फोटोत दिसेल ती, हात मागे घ्या' असं म्हणाली होती.

"मग एकाच बाजूने का?" लोर्नाचा आवाज अजून चढाच होता. "एवढा पुळका होता तर दोन्ही बाजूंनी पाडायचं भोक."

"तू उतरणार कुठल्या बाजूने होतीस?"

लोर्नाने गाडीकडे पाहिलं. चर्च उजव्या हाताला. पायऱ्या उजव्या हाताला. मदर प्रेंटिस आणि त्यांचा सगळा गोतावळा त्या पायऱ्यांवर उभा. डावी बाजू दिसणार होती ती फक्त समोरच्या न्हाव्याच्या दुकानाला.

"दुसरी बाजू सावकाश करू म्हणाले. आणि लग्नाच्या सकाळी प्रेंटिसांची रोडमास्टर येऊन दारात उभी राहिली. तू उडी मारून बसलीस. डॅडी गॅरेजमधून ही बाहेर काढत होते. तू मागे वळून पाहिलंही नाहीस."

"मग बुजवायचं होतं नंतर! पत्र्याचंच काम करत होते ना जन्मभर? तासाभराचं काम." लोर्नाने जोराने पर्स मिटली. "गावात हसं करून घेतलं ते? मला एकदा सांगायचं तरी!"

"मी म्हटलं होतं त्यांना, सांगते म्हणून. तर म्हणाले, हसू दे तिला. त्या टेबलावर बोलायला तेवढंच काहीतरी आहे तिच्याकडे."

लोर्नाचा चेहरा भर बाजारात कुणीतरी मुस्कटात मारल्यासारखा झाला. कारण ते खरं होतं. प्रेंटिसांच्या टेबलावर तिला कुणी कधी काही विचारत नसे. बापाची फजिती सांगितली त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी काटे खाली ठेवून तिचं बोलणं ऐकलं होतं. मग ती दर रविवारी नवीन काहीतरी सांगत गेली, आणि तिकडे बाप टोपीला हात लावत गेला.

बाहेर भोंगा वाजला. शोरूमचा ट्रक दारात येऊन उभा होता. ड्रायव्हर खाली उतरून साखळी सोडवू लागला.

"हीच ना मिसेस, ती प्रसिद्ध साडेतीन?" तो दात काढत म्हणाला.

"ऑर्व्हिल टॅकेटची गाडी म्हणतात हिला," लोर्ना म्हणाली. "साखळी आत टाक आणि परत जा."

"पण मोठ्या मिसेस प्रेंटिसनी सांगितलंय..."

"कागद माझ्या नावाचे आहेत, त्यांच्या नाही. जा म्हटलं ना?"

ट्रक गेला. नॅडीन पायरीवरून उठली होती, पण पुढे येत नव्हती. आपल्या बहिणीचा काही नेम नाही हे ती लहानपणापासून ओळखून होती.

"किल्ली कुठेय?" लोर्नाने विचारलं.

"आत, खिळ्याला."

"आण. आणि ते बूट बदल, काय अवतार केलायस."

नॅडीन किल्ली घेऊन, बूट बदलून आली. तिने लोर्नासाठी पुढचं दार उघडलं. लोर्ना जागची हलली नाही.

"पुढे नाही," ती म्हणाली. "मागे. उजवीकडे."

नॅडीनने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मागचं दार उघडलं. आतली गादी कोरी करकरीत होती. पुढच्या सीटवर बापाच्या बसण्याचा खळगा पडला होता, पण मागे कुणी बसलंच नव्हतं. लोर्ना बसली. डांबराच्या साबणाचा वास आला, कारखान्यातून आल्यावर तो नळावर वापरायचा तो. तिने काच खाली केली आणि पुन्हा वर केली. नाक लाल झालं होतं, त्याचा दोष तिने वाऱ्याला दिला.

"दारातच घे," शोरूमच्या रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली. "आजचा दिवस माझी. उद्यापासून तुझी. कागद देते."

नॅडीनने आरशातून मान हलवली.

कागद फाडून झाले होते. काचांमागे नव्या गाड्या चकचकत होत्या आणि फुटपाथवर कॉफीचे पेले घेऊन अर्धं गाव उभं होतं. नॅडीनने गाडी उजवी बाजू लोकांकडे करून अगदी कडेला आणली. बोलणी थांबली. लोर्नाने आतून पाहिलं, नजरा पुढच्या चाकाकडून मागे सरकत होत्या, सवयीने, एक, दोन, तीन, चार. मग कुणीतरी फिसकन हसलं.

मदर प्रेंटिस कोटाची केसाळ कॉलर सावरत पुढे आल्या. काचेपाशी वाकून त्या हसऱ्या चेहऱ्याने, पण दातांतल्या दातांत म्हणाल्या, "अक्कल गहाण टाकलीस का, लोर्ना? आजच्या दिवशी? हे धूड मागच्या गल्लीत घ्यायला सांग आधी."

"उतरू तर द्या, मदर."

"इथे? लोक हसतायत ते दिसत नाही? तुझ्या लग्नाच्या दिवशी एवढी मेहनत घेऊन ही फजिती टाळली मी, ती काय आज बघायला?"

लोर्नाचा हात दाराच्या मुठीवर थांबला.

"लग्नाच्या दिवशी?"

"मग रोडमास्टर उगीच पाठवली होती का सकाळी? तुझ्या बापाने ते कडं आमच्याच सुट्या भागांच्या खिडकीवरून नेलं होतं. एकच! पोऱ्या म्हणाला, हसून हसून पोट दुखलं. मी म्हटलं, हा माणूस भर चर्चसमोर आमचं हसं करणार."

म्हणजे त्या टेबलावर लोर्नाने घोड्याची गोष्ट सांगितली तेव्हा सगळ्यात जास्त हसणाऱ्या बाईला ती गोष्ट आधीपासून ठाऊक होती.

लोर्नाने हातमोजे काढून पर्समध्ये टाकले. दार उघडलं. मदर प्रेंटिसना दोन पावलं मागे सरकावं लागलं. ती सावकाश उतरली, एका हाताने कोटाचा घेर उचलून धरत, जणू तो नवरीचा झगा होता आणि त्याचा लांब घोळ रस्त्याला लागू द्यायचा नव्हता. उतरून ती चौथ्या भोकाशेजारी उभी राहिली आणि उघडा हात त्याच्या थंड कड्यावर ठेवला.

"आता तरी घ्यायला सांग मागे," मदर प्रेंटिस कुजबुजल्या. "पलीकडून येणाऱ्यांना तीन दिसतायत."

"दिसू देत," लोर्ना म्हणाली. "मी या बाजूने उतरलेय."