शनिवारचा उ

आजवर मी दुसऱ्यांचंच अंगावर वागवत आले. डाळ, कोबी, अंडी, बटाटे. माझ्याबद्दल कुणी माझ्यावर एक अक्षर लिहिलं नाही, म्हणून आज माझं मीच बोलते. मी पाटी. होते शाळेची, झाले स्वयंपाकघराची. आणि आधीच सांगून टाकते, मी स्वभावाने काही फार चांगली नाही. माझं पोट दुखतं, आणि ते एका चटईमुळे दुखतं.

जन्म माझा खाणीतला. तिथे आम्ही बहिणी थरांवर थर पडून होतो. छिन्नीने आम्हाला एकेक करून सोलून काढलं, घासून गुळगुळीत केलं आणि चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोकल्या. दुकानात शेजारच्या फळीवर प्लास्टिकच्या रंगीत पाट्या होत्या. मुलं आधी त्यांच्याकडे धावायची. हेवा काय असतो ते मी तिथेच शिकले, अक्षरं नंतर शिकले.

मला घरी आणलं ते वेलांटीसाठी. हे काही तिचं खरं नाव नाही. तिचे बाबा एका छापखान्यात मुद्रितशोधक आहेत, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधायच्या. लेक तान्ही असताना वळून वळून झोपायची, म्हणून ते तिला वेलांटी म्हणू लागले आणि तेच चिकटलं. वेलांटीने माझ्यावर अक्षरं गिरवली, चुकलेली थुंकी लावून पुसली आणि दोन वर्षांत ती वह्यांवर गेली. वह्यांना कव्हरं घातली जायची, नाव लिहून चिठ्ठ्या डकवल्या जायच्या. मी कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी होते.

मग छापखान्यातलं काम कमी झालं. मालकाने बाबांना आठवड्यातले चारच दिवस यायला सांगितलं आणि घरात हात आखडता घ्यायची वेळ आली. आई एका शिवणाच्या दुकानात कामाला जाते. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "रोज संध्याकाळी ‘आज काय करू’ म्हणत बसतो ना आपण, सगळं तिथंच वाया जातं. दुकानात मी कापड आधी बेतते, मग कात्री लावते. आठवडाही तसाच बेतायचा."

"म्हणजे जेवणाचा बेत खराखुरा बेतायचा," बाबा म्हणाले. शब्दांत असं काही सापडलं की त्यांना जेवण गोड लागतं.

असं मला कपाटामागून काढण्यात आलं. बाबांनी खिळ्याने माझ्या अंगावर सहा आडव्या रेघा ओढल्या. दुखलं, पण सात खण पडले. मग शेगडीच्या वरच्या भिंतीवर मला टांगलं. वरचा खण रविवारचा आणि तळचा, वाफेच्या सगळ्यात जवळचा, शनिवारचा.

रविवारी सकाळी माझा दरबार भरायचा. वेलांटी फळ्या बघून, डबे उघडून ओरडून सांगायची, "अर्धा कोबी. बटाटे नऊ. डाळ तळाला गेलीय." आई खडू कानामागे अडकवून विचार करायची. रविवारी डाळ दुप्पट शिजवायची, सोमवारी त्यातल्याच अर्ध्या डाळीचं सूप करायचं. कोबीचा गाभा मंगळवारी भातात, बाहेरची जाड पानं सुपात. बटाटे एकदाच उकडायचे आणि दोन दिवस पुरवायचे. काही टाकायचं नाही, आणि लागोपाठ दोन दिवस तोंडाला तीच चवही येऊ द्यायची नाही, हा तिचा हट्ट.

माझी रुंदी बेताची. त्यामुळे लांबलचक शब्दांना ती टिंब द्यायची. कोबीभात म्हणजे को.भा., अंडी-बटाटे म्हणजे अं.ब., सुकी भाजी म्हणजे सु.भा. सूपसारखा छोटा शब्द मात्र पुरा लिहायची. शनिवारच्या खणात नेहमी एकच, उ.सु. म्हणजे उरलंसुरलं. आठवडाभरात वाट्यावाट्यांनी शिल्लक राहिलेलं सगळं त्या दिवशी संपवायचं.

तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू. सकाळी उठून घर आधी माझ्याकडे बघायचं. "पाटीवर काय आहे?" असं विचारलं जायचं आणि पाटीवर असेल ते पानात पडायचं. सहा दिवस या घरावर माझं राज्य होतं. सातव्या दिवशी मात्र ती बया उलगडली जायची.

चटई म्हणजे काही गालिचा नव्हे. जुनी, रंग उडालेली, एका कडेने उसवलेली. आईने दुकानातल्या चिंध्यांची पट्टी जोडून तिला अब्रू दिली होती. आठवडाभर ती दाराआड गुंडाळून उभी असायची. शनिवारी संध्याकाळी जेवायला बाहेरच्या खोलीत खिडकीखाली तिला अंथरायचे, आणि बाबा खिशातून एक कागद काढायचे. छापखान्यात सापडलेल्या आठवड्यातल्या सगळ्यात भारी चुका ते त्यावर उतरवून आणत.

"ऐक," ते म्हणायचे. "अध्यक्षांनी उपस्थितांचे आजार मानले."

वेलांटी लोळायची.

"हे बघ. पावसाने नदीला पूर आला असून मुलाखालून पाणी वाहत आहे."

मग दोघं इतकी हसायची की श्वास लागायचा. मला दारातून चटईचा एक कोपरा तेवढा दिसायचा, आणि त्यावर आपटणारे वेलांटीचे पाय. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्यावर एकही चूक नसते, सगळं नीटनेटकं असतं, घरात एक पान वाया जाऊ देत नाही मी. माझ्याकडे लोक उभ्या उभ्या बघतात आणि निघून जातात. आणि हिने काय केलं? नुसती पडून राहिली. तरी हिच्यावर दोन दोन तास लोळण.

माझं एकच समाधान होतं. शनिवारी आई माझ्यापाशी असायची. उरल्यासुरल्याच्या पाच-सहा वाट्या, प्रत्येक वेगळी गरम करायची, म्हणजे छोटं भांडं पुन्हा पुन्हा घासायचं. भात चिकटला की पाणी शिंपडायचं. बाहेर हसणं चालू असायचं आणि ही वाट्या नेऊन द्यायची, परत यायची. ती पान घेऊन बसेपर्यंत कागद वाचून संपलेला असायचा. मी चटईला म्हणायचे, असू दे, तुला ते दोघं लाभले तर मला ही लाभली आहे. आईला काय वाटत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

चार वर्षं अशी गेली. मग एका शुक्रवारी वेलांटी पाणी प्यायला आली, माझ्याकडे बघून बोटांवर वार मोजत म्हणाली, "उद्या चटईचा वार."

चटईचा वार. माझ्या अंगावर, माझ्या सातव्या खणात, आईच्या अक्षरात लिहिलेला वार, आणि तो म्हणे चटईचा. माझ्या तोंडून शब्द फुटला असता तर घर डोक्यावर घेतलं असतं.

त्या संध्याकाळी आईने बटाटे उकडायला ठेवले. वाफ नेहमीसारखी माझ्यावर आली आणि एक थेंब सहाव्या रेघेवर येऊन थांबला. त्याच्या खाली बरोबर उ. होता. दगडाला असा थेंब मुरवून घेता येतो, रोज मी तेच करते. त्या दिवशी मी केलं नाही. मी थेंब जाऊ दिला. तो उ घेऊन, त्याच्यापुढचं टिंब घेऊन खालच्या लाकडी पट्टीपर्यंत ओघळला. खणात नुसतं ‘सु.’ उरलं. माझा हिशेब सरळ होता. उरलंसुरलं नाही, तर शनिवारचं जेवण नाही, आणि चटईही नाही.

सकाळी आई दुकानात गेली. शनिवारी तिला संध्याकाळपर्यंत काम असतं. बाबांना त्या दिवशी सुट्टी. ते चहाचा कप घेऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"वेलांटे, इकडे ये. हे वाच."

"सु.," ती म्हणाली. "सुकी भाजी असेल."

"सुकी भाजी असती तर सु.भा. लिहिलं असतं. गुरुवारी बघ, आहे की नाही? ती भा. गाळत नाही."

"मग सूप."

"सूप सोमवारी आहे. पुरं लिहिलंय, आणि दीर्घ लिहिलंय. तुझी आई ऱ्हस्वदीर्घ चुकत नाही. मीच शिकवलंय तिला."

"बाबा, पण दर शनिवारी तर उ.सु. असतं."

"तेच म्हणतो मी. दर शनिवारी असतं आणि आज नाही. म्हणजे मुद्दाम बदललंय." त्यांनी कप खाली ठेवला. बराच वेळ ते त्या एका अक्षराकडे बघत राहिले. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणारा माणूस, पण समोरची चूक काही त्याला दिसली नाही. शेवटी हळू आवाजात ते म्हणाले, "सुट्टी. सुट्टी लिहिलंय गं तिने."

वेलांटीने तो खण पुन्हा एकदा वाचला.

"मला आठवड्याला तीन सुट्ट्या," बाबा म्हणाले. "तिने एक मागितली, तीही टिंब देऊन."

संध्याकाळी बापलेक स्वयंपाकघरात शिरले. कुठली वाटी कशात गरम करायची हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून बाबांनी सगळ्या वाट्या एकाच पातेल्यात उपड्या केल्या.

"बाबा, त्यात अंडी होती. आणि हा कोबीभात."

"द्वंद्व समास," बाबा म्हणाले आणि डावाने ढवळू लागले. करपल्याचा थोडा वास आला. मला आसुरी आनंद झाला, तो लपवत नाही.

आई आली ती खांद्यावरची पिशवी न उतरवता सवयीने सरळ आत निघाली. बाबा दारात आडवे उभे राहिले.

"आत यायचं नाही. सुट्टी मंजूर झालीय."

"कसली सुट्टी?"

"पाटीवर मागितलीस ती. अगं, तोंडाने सांगायचंस की."

"अहो, काय बोलताय? पाणी तरी पिऊ द्या."

ती आत आली. तिने माझ्याकडे पाहिलं. मला रोज पुसणारा हात तिचा. उ च्या जागी उमटलेला थेंबाचा पांढुरका ओघळ तिला पहिल्या नजरेत दिसला. आता ती हसणार, "अहो, वाफेने पुसलंय," म्हणणार, आणि सगळं पुन्हा होतं तसं होणार, असं मला वाटलं. तिने मागे वळून पाहिलं. बाबा पातेलं फडक्यात धरून उभे होते, वेलांटी ताटं मोजत होती. आईने अंगठा उचलला आणि तो ओघळ पुसून टाकला.

"हो," ती म्हणाली. "मागितली होती."

चटई अंथरली गेली. या वेळी माझ्या वाटणीच्या कोपऱ्यात आईचे पाय होते. लांब सोडलेले, टाचा भेगाळलेल्या. बाबांनी कागद काढला. "बागेतील फुले तोडणाऱ्यास दंत करण्यात येईल," ते म्हणाले, आणि आई हसली. चार वर्षं मी तिच्या हाताखाली होते, पण हे हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. ते थांबेचना. मग डोळे पुसत ती म्हणाली, "इतकी वर्षं हे मी आतून ऐकत आले. वाट्या गरम करता करता. तुमच्या दोघांचा फार हेवा वाटायचा हो मला."

बाबांनी हातातला कागद खाली ठेवला.

"मग बोलली का नाहीस?" बाबांनी विचारलं.

"चांगला चाललेला तुमचा वार. कशाला बिघडवू?"

मी भिंतीवर लटकून ऐकत होते. मला वाटायचं, या घरात जळणारी मी एकटीच. ही माझ्यापासून हातभर अंतरावर, तेच ऐकत, तेच गिळत उभी होती. आणि तिने कुणाचं अक्षर पुसलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी रविवार. आईने सहा खण भरले आणि सातवा कोरा सोडला. "शनिवारी पाटी बंद," ती म्हणाली. "उरलंसुरलं तुमच्याकडे." तेव्हापासून ते बापलेक बघतात. करपवतात, पण बघतात. म्हणजे चटईचा वार मोडायला गेले आणि माझाच वार गेला. शिवाय माझी शनिवारची सोबतही चटईने नेली.

आता माझी चौकट एका कोपऱ्यात ढिली झाली आहे. अंगावर बारीक चर पडले आहेत. शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघर रिकामं असतं आणि बाहेरून तिघांचं हसणं येतं. आईचं ओळखू येतं, उशिरा सुरू होतं आणि सगळ्यांच्या शेवटी थांबतं. हेवा अजून वाटतो, खोटं कशाला बोलू. त्या उसवलेल्या बयेला रोज मनातल्या मनात चार शब्द सुनावते.

तरी जाता जाता एक मागणं आहे. माझा सातवा खण कोरा राहू द्या. कुणी कितीही घाईत असलं, कुणाला काहीही आठवलं, तरी तिथे काही लिहू नका. त्या खणात एक अक्षर जरी आलं, तरी ते गरम करायला चटईवरून उठून आत येईल ती तीच. आणि ती आत आली, तर मला फार फार आनंद होईल. म्हणून सांगते, लिहू नका.