उंदराच्या उशाची वहाण

मित्रांनो, मी एक जुनी वहाण आहे. जोडीतली एकच, डाव्या पायाची. बुरोंडीच्या किनाऱ्यावर एक मोडकी होडी उपडी घातलेली आहे, तिच्याखाली मी पडून असते. माझा अंगठा तुटला आहे, टाच झिजली आहे आणि खाऱ्या वाऱ्याने अंग लाकडासारखे कडक झाले आहे. बोलायचाही आता कंटाळा येतो. पण तुम्ही बसलाच आहात, तर सांगते.

मला दापोलीच्या बाबू चांभाराने केले. म्हशीचे जाड कातडे त्याने भिजवले, ठोकले, शिवले आणि वर करंजेल चोळचोळून मला मऊ केले. आम्ही दोघी बहिणी त्याच्या दारात जोडीने वाळत होतो, तेव्हा येणारेजाणारे थांबून बघत. आम्हाला घेतले बुरोंडीच्या काशीरामने. तो मुंबईच्या गोदीत हमाली करायला निघाला होता. त्याच्या वाडीत सगळे मासेमारी करणारे. वाळूत आणि पाण्यात वावरणाऱ्यांना वहाणा कशाला हव्यात? काशीराम आम्हाला घालून वाडीतून गेला तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "काशीराम सायब झाला गो!" असे म्हणाल्या.

गोदीतली वर्षे कष्टाची होती. तापलेले दगड, सांडलेले डांबर, पेट्यांचे खिळे. काशीरामच्या पाठीवर पोते आणि पोत्यासकट काशीराम आमच्यावर. पण संध्याकाळी तो आम्हाला फडक्याने पुसायचा. तेवढे पुरत असे.

मग शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या सालचा शिमगा आला. काशीराम आगबोटीने गावी निघाला. हर्णै बंदरात बोट लांब उभी राहते आणि माणसे होडीतून किनाऱ्याला येतात. शेवटी गुडघाभर पाण्यात उतरावे लागते. काशीरामच्या एका हातात आम्ही दोघी होतो आणि दुसऱ्या हातात झाकणाची टोपली. लाट आली. टोपली वाचवताना त्याचा हात सुटला आणि माझी बहीण गेली. ती पुन्हा दिसली नाही. तेव्हापासून मी एकटी आहे, आणि एकट्या वहाणेला जगात काही काम नसते.

टोपलीत काय होते म्हणाल, तर एक पांढरा उंदीर! एका आगबोटीवरच्या गोऱ्या खलाशाने तो पाळला होता आणि जाताना काशीरामच्या हाती दिला होता. गुबगुबीत, लाल डोळ्यांचा, मिशा साफ करत बसणारा. काशीराम त्याला शेठ म्हणायचा.

काशीरामची बायको आवडाबाई मासळी विकायची. तिने टोपलीत डोकावून कपाळावर हात मारला.

"लोका मुंबयसून लुगडी आणतात. तुमाला ह्योच गावला?"

"माणसाळलेला हाय गो. मी परत येयपर्यंत सांबाळ."

शिमगा संपला, काशीराम अनवाणी मुंबईला गेला. घरात आवडाबाई, शेठ आणि पडवीतल्या खुंटीवर मी, एवढेच उरलो.

एका दुपारी शेठ भात खाता खाता थांबला. त्याची मान एका बाजूला वळली, पाय ताठ झाले आणि तो आडवा पडून थरथरू लागला. तोंडाला फेस आला. आवडाबाईने असे माणसांत पाहिले होते. "अगो बाय, ह्याला फेफरा!" म्हणत ती पडवीत धावली आणि मला काढून तिने शेठाच्या नाकाशी धरले. आपल्याकडे फेफरे आले की वहाण हुंगवतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. थोड्या वेळाने शेठ शांत झाला आणि उठून बसला. आवडाबाईने मला कपाळी लावले. पायातली वहाण पायातच बरी, असे लोक म्हणतात. मी मात्र त्या दिवशी माजघरात पोचले आणि शेठाच्या टोपलीत, त्याच्या उशाशीच राहिले.

मला सुरुवातीला फार अभिमान वाटला. पुढे एकदा आवडाबाई परसात मासळी धूत असताना शेठ पडला. तिला कळलेच नाही. मी होते तिथेच, लांब टोपलीच्या कडेला, त्याचे नाक दुसरीकडे. तरीही तो आपल्या वेळेने उठला. माझ्यात औषध कसले असणार? कातडे, करंजेल आणि काशीरामच्या पायाचा घाम. पण हे सांगणार कोणाला?

खरे काम आवडाबाई करत होती. तिने टोपलीत जुन्या लुगड्याचे मऊ धडपे घातले. पाण्याची वाटी काढून टाकली, कारण फेफऱ्यात तोंड वाटीत पडले तर तो बुडून मेला असता. भिजवलेल्या चिंधीने ती त्याला पाणी पाजायची. उपाशी राहिला की तो हमखास पडतो, हे तिच्या ध्यानात आले, म्हणून दिवसातून कितीदा तरी पेज भरवायची. तो पडला की दाबून धरायची नाही. कुशीवर वळवायची, फेस पुसायची आणि नुसती बसून राहायची. उठल्यावर शेठ बावचळलेला असायचा, भिंतीवर आपटायचा, तिलाच ओळखायचा नाही. एकदा तो तिच्या बोटाला कडकडून चावला.

ती दमत होती हो. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन दापोलीचा चढ चढायचा, विकून परत यायचे आणि मग घाणेरडे धडपे धुवायचे. कधीकधी ती टोपलीपुढे बसून म्हणे, "मर तरी मेल्या, नायतर बरा तरी हो!" आणि लगेच पेज निवते का म्हणून फुंकर घालू लागे. मीही दमले होते. दुसऱ्याचे दुखणे रोज बघणेसुद्धा थकवते, हे मला तेव्हा कळले.

आपण बाजाराला गेल्यावर शेठाला भरवणार कोण, म्हणून ती टोपली शेजारी ठेवू लागली. शेजारी गोदूबाई, तिचा मुलगा धोंडू आणि सून गुणवंती अशी तीन माणसे. गुणवंती मालगुंडकडची, लग्न होऊन वर्ष झालेले. अबोल पोर. शेठाच्या दुखण्याचे आवडाबाईने तिला सांगितले नाही, कारण सांगितले तर ती ठेवून घेणार नाही, अशी तिला भीती होती.

एकदा आवडाबाई परतली तर गुणवंती एकटीच परसात बसलेली, मांडीवर शेठ, आणि डोळ्यांतून पाणी चाललेले. शेठ नुकताच फेफऱ्यातून उठला होता. गुणवंतीने आजूबाजूला पाहिले आणि हळूच विचारले,

"आवडामावशी, मी पन अशीच पडते काय गो?"

आवडाबाई तिच्याजवळ बसली. मग त्या मुलीने सगळे सांगितले. तिला लहानपणापासून फेफरे येत होते. माहेरी पोटाला डाग दिले, अंगारे झाले, काही उपयोग झाला नाही. शेवटी लपवून लग्न लावले. डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले की ती गोठ्यामागे पळायची आणि तिथे एकटीच पडायची. सासूला माहीत नव्हते, नवऱ्यालाही नाही.

"माज्या नाकाला पन वहाण लावायचे," ती म्हणाली. "शुदीवर आले की पयला वास वहाणेचा येयचा. सगली लांब हुबी असायची. शेठाचा बरा हाय. तो उठतो तवा त्याला तुजा हात दिसतो."

मित्रांनो, मी टोपलीतच होते. इतकी वर्षे चिखलातून, डांबरातून चालले, पण मला माझाच वास नकोसा झाला तो त्या दिवशी. आवडाबाईने मला उचलले, घरी नेऊन पडवीतल्या खुंटीला अडकवले आणि शेठासाठी पुन्हा कधी काढले नाही. गुणवंतीचे गुपित कोणाला सांगणार नाही, असा शब्दही तिने दिला.

आषाढात पाऊस धो धो कोसळत होता. आवडाबाई पडवीत शेठाला पेज भरवत होती. तेवढ्यात गोदूबाई चुलीला विस्तव मागायला आली, आणि तिच्या डोळ्यांदेखत शेठ पडला. गोदूबाईच्या हातातली करवंटी गळून पडली.

"उंदीर पडला! धावा रे, उंदीर पडला!"

तुम्हाला या शब्दांची दहशत कळायची नाही. प्लेग यायचा तेव्हा आधी घरातले उंदीर पडून मरायचे. उंदीर पडला की घरेदारे सोडून सगळ्यांनी वर सड्यावर, उघड्या कातळावर, झोपड्या बांधून राहायचे. मागच्या प्लेगात गोदूबाईचा नवरा आणि थोरली मुलगी सड्यावरच गेली होती. तिचे ओरडणे खोटे नव्हते.

वाडी गोळा झाली. वाडीतले जाणते भिकाजी तांडेल हातात वल्हे घेऊन आले. ते म्हणाले, "रॉकेल आणा. जाळा त्याला. पोराबाळांना सड्यावर काडा." अशा पावसात तान्ही मुले आणि म्हातारी माणसे सड्यावर कशी टिकणार होती? बायका रडू लागल्या. आवडाबाईने टोपलीवर अंग टाकले.

"पिलेग नाय हो ह्यो!"

"मग काय हाय, ता सांग!"

"फेफरा हाय."

लोक संतापले. उंदराला कधी फेफरे येते? याआधी कोणी पाहिले होते? आवडाबाईने एकदा गर्दीतल्या गुणवंतीकडे बघितले आणि मान खाली घातली. ती दिलेला शब्द मोडणार नव्हती. भिकाजी तांडेलांनी वल्हे उचलले.

तेव्हा गुणवंती पुढे आली.

"मारू नका. फेफराच हाय ता. मला येतो तसाच. थांबा, तो उटंल. मी उटते तसा उटंल."

सगळे तिच्याकडे बघत राहिले. धोंडू तर दगड झाला. शेठाचे फेफरे त्या दिवशी संपता संपत नव्हते. मी खुंटीवरून बघत होते आणि मनात म्हणत होते, ऊठ रे बाबा, तुझ्यासाठी एकीने आपला संसार पणाला लावला आहे. शेवटी त्याचे पाय सैल पडले. तो पडून राहिला. मग डोके उचलले, धडपडला, पुन्हा पडला, आणि उठून आवडाबाईच्या बोटावरची पेज चाटू लागला.

"पिलेगाचा उंदीर उटत नाय," भिकाजी तांडेल म्हणाले आणि वल्हे खांद्यावर टाकून निघून गेले. वाडी आपापल्या घरी गेली. सगळ्यांची घरे वाचली होती.

गुणवंतीचे घर मात्र सुटायच्या बेताला आले. "आमाला फसवलानी," गोदूबाई सगळ्यांना सांगत सुटली. बोटी सुरू झाल्या की सुनेला माहेरी धाडायची, असे तिने ठरवले. पावसाळ्यात बोटी बंद असतात, म्हणून तेवढे महिने गुणवंती त्या घरात राहिली. तिच्याशी कोणी बोलत नसे. ती रोज येऊन शेठाला भरवून जायची. धोंडू आईपुढे तोंड उघडणारा नव्हता. आवडाबाई एकदा जाऊन गोदूबाईशी भांडली, तर गोदूबाईने दार लावून घेतले.

भाद्रपदात बोटी सुरू झाल्या. एका सकाळी मी खुंटीवर पेंगत होते. अचानक गोदूबाई धापा टाकत पडवीत शिरली. तिने मला हिसकून काढले आणि मला छातीशी धरून ती किनाऱ्याकडे पळत सुटली. म्हातारी त्या वयात इतकी पळेल, असे मला वाटले नव्हते.

किनाऱ्यावर हर्णैला जाणारी होडी तयार होती. धोंडू तिचा दोर धरून उभा होता. शेजारी गुणवंतीचे बोचके होते आणि वाळूत गुणवंती फेफऱ्याने पडली होती. कोणीतरी "वहाण आणा!" असे ओरडले होते. पण सारी वाडी अनवाणी! वहाण होती ती एकच, मी. आणि मला आणायला धावली ती गोदूबाई.

माणसे लांब उभी होती. आवडाबाईने एकटीने गुणवंतीला कुशीवर वळवले होते आणि ती तिच्या तोंडाचा फेस पुसत होती. गोदूबाईने वाकून मला सुनेच्या नाकाशी धरले. आवडाबाईने मला तिच्या हातातून काढले आणि लांब, या उपड्या होडीखाली भिरकावले.

"ती नको. हात लाव."

"माजा हात?"

"मग कोनाचा? मी उंदराला लावते. तू सुनेला लाव."

गोदूबाई तशीच उभी राहिली. मग गुडघे दुमडून वाळूत बसली आणि तिने आपला खरखरीत हात गुणवंतीच्या कपाळावर ठेवला. बराच वेळ तिने हात काढला नाही. हळूहळू गुणवंतीचे अंग सैल झाले. तिने डोळे उघडले. आधी तिला काही उमगेना. मग तो कपाळावरचा हात कोणाचा, ते तिला दिसले.

"आत्या," ती क्षीण आवाजात म्हणाली, "होडी गेली काय?"

होडी समोरच पाण्यात उभी होती.

"गेली," गोदूबाई म्हणाली. "चल घरला."

तिने बोचके स्वतःच्या काखेत मारले, सुनेला उठवले आणि दोघी चालू लागल्या. धोंडूने दोर सोडला आणि तो त्यांच्या मागून गेला. आवडाबाईसुद्धा शेठाच्या पेजेची वेळ झाली म्हणून घाईने परतली. मला कोणीच उचलले नाही. मित्रांनो, वहाणेच्या जन्मात मला एवढे समाधान कधी झाले नव्हते.

शेठ दिवाळीपर्यंत जगला, असे मी इथे जाळी विणायला बसणाऱ्यांच्या बोलण्यात ऐकले. काशीराम तेव्हा घरी आला होता. शेठ गेला तेव्हा तो आवडाबाईच्या मांडीवर होता आणि गुणवंती त्याला चिंधीने पाणी पाजत होती. गुणवंती अजून पडते, अजून उठते. तिचे दुखणे काही गेले नाही. गोठ्यामागे मात्र तिला आता पळावे लागत नाही.

म्हणून एवढेच मागते. कोणी असे पडले, माणूस असो की मुके जनावर, तर वहाण शोधायला धावू नका. अंगाला लागेल असे जवळचे सगळे बाजूला करा, त्याला कुशीवर वळवा, आणि ते उठेपर्यंत जवळ बसा. दमाल, कंटाळाल, तोंडातून वाईटसाईट शब्दही जाईल. जाऊ दे. पण हात काढू नका. मला इथेच होडीखाली पडून राहू द्या. मी फार थकले आहे.